सुडीची सावली निळी का?

चित्र काढताना मुले सावली हटकून काळ्या रंगाने भरतात. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने ती निळी-जांभळी रंगवली. दोघांपैकी बरोबर कोण, ते आपण पाहू या.

जिवर्नी या खेड्यात मोनेच्या घराजवळच्या शेतात १८९० च्या सुगीनंतर मोठमोठ्या सुड्या रचलेल्या होत्या. इंग्रजीत या चित्रांना 'हेस्टॅक्स' म्हणतात, पण त्या काही गवताच्या गंज्या नव्हेत. मळणी व्हायची राहिलेला गहू त्यांत रचलेला होता. आपला 'सुडी' हा शब्द त्यांना अधिक नेमका बसतो. १८९१ पर्यंत मोनेने त्यांची पंचवीसेक चित्रे केली. विषय एकच, बदलतो तो उजेड. तो बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून मोने दुसरा घेई.

बर्फातल्या सुड्यांची चित्रे आमच्या दृष्टीने सर्वांत बोलकी. बर्फ पांढरा, म्हणजे त्यावर जो प्रकाश पडेल तोच तो परत पाठवणार. सावलीत उजेड नसतो असे आपण म्हणतो, पण तसे असते तर झाडाखाली बसून पुस्तक वाचता आले नसते. अडतो तो सूर्याचा थेट प्रकाश. आकाशाचा प्रकाश तिथे पोचतोच, आणि निरभ्र आकाश निळे असते. हवेतील रेणूंमुळे होणारे प्रकाशाचे विकिरण तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हे रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवले. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो.

पण एवढ्याने भागत नाही. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत काळे सूत फिके दिसते अशी तक्रार होती. तेथील रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांना आढळले की रंगात खोट नाही. शेजारच्या धाग्यांमुळे काळा रंग वेगळा भासतो. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ चा. मावळतीच्या पिवळसर उन्हाशेजारी सावली आहे त्याहून निळी वाटते, ती याच कारणाने.

यात आकाशाचा वाटा किती आणि डोळ्याचा किती? निरभ्र संध्याकाळी उन्हात पांढरा कागद ठेवून त्यावर पुस्तकाची सावली पाडावी. आधी ती तशीच पाहावी, मग काळ्या कागदाच्या नळीतून, नळीत फक्त सावलीच येईल अशी. (नळी सूर्याकडे मुळीच वळवू नये.) शेजारचा उजळ भाग नजरेआड झाला की निळेपणा उतरतो. जो उरतो तो मुख्यतः आकाशाचा. रंगीत छायाचित्रातही बर्फावरची सावली निळसर येते. कॅमेऱ्याला शेजारचा रंग फसवत नाही.

मोनेने निळाई थोडी वाढवली असावी, असे आमचे मत. मात्र काळ्यापेक्षा ती खऱ्याच्या पुष्कळ जवळची आहे.

याच मालिकेत ढगाळ दिवशीच्या, बर्फातल्या सुडीचेही एक चित्र आहे. ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यात सावली कशी असेल, हे चित्र दाखवण्याआधी मुलांना जरूर विचारावे.