उंबरठ्यावरचें पुडकें

वस्तु विकत घेणें आणि ती घरांत येणें हीं दोन कृत्यें पूर्वीं बहुधा एकाच वेळीं होत. दुकानदारानें पुडी बांधली, आपण पैसे मोजले, पिशवी हातांत घेतली कीं व्यवहार संपला. आतां पैसे आज द्यावयाचे, वस्तु परवां यावयाची, आणि ती आणणारा मनुष्य कोण हें घेणाऱ्यास ठाऊक नसावयाचें, अशी रीत पडली आहे. २०२० सालच्या महामारीनें तींत आणखी एक भर घातली. परस्परांचा स्पर्श टाळण्यासाठीं पुडकें दाराबाहेर ठेवावें, घंटा वाजवावी व निघून जावें, असा प्रघात पडला. साथ ओसरली, प्रघात मात्र पुष्कळ ठिकाणीं राहिला. बंद दारासमोर पडलेलें खोकें हें शहरांतील जिन्यांवर नित्याचें दृश्य झालें, आणि तें नाहींसें झाल्याच्या तक्रारीही ओघानेंच आल्या. या चोरीचा बंदोबस्त गृहस्थानें कसा करावा, याचा थोडा विचार येथें करूं.

आपल्या टपालखात्यानें हा प्रश्न फार पूर्वीं ओळखला होता. १८७७ सालीं हिंदुस्थानांत व्ही. पी. ची पद्धति सुरू झाली. पोस्टमननें आधीं पैसे घ्यावे आणि मगच पुडकें स्वाधीन करावें, हा तिचा नियम. रजिस्टर टपालासाठीं सही घेतल्यावांचून तो हलत नसे. या पद्धतींत उशीर होई, खेपा पडत; पण पुडकें निघाल्यापासून पोंचेपर्यंत एक क्षणही निर्नायकी नसे. १ सप्टेंबर २०२५ रोजीं रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन झालें; तरी ज्याचें त्यासच द्यावें ही नोंदणीची सोय जादा आकार भरून स्पीड पोस्टासही मिळते. खाजगी कंपन्या जो ओ. टी. पी. मागतात, ती त्या जुन्या सहीचीच नवी तऱ्हा होय.

आमच्या शास्त्रकारांनींही या बाबतींत हातालाच महत्त्व दिलें आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत उपनिधीचें प्रकरण आहे. पेटींत घालून, आंत काय आहे हें न सांगतां दुसऱ्याच्या हातीं सोंपविलेली वस्तु ती उपनिधि. ती जशीच्या तशी परत केली पाहिजे. मात्र राजा, दैव किंवा चोर यांनीं ती नेली, तर ठेवून घेणाराकडून ती भरून घेऊं नये. शेजाऱ्यानें आपल्यासाठीं ठेवून घेतलेलें बंद खोकें हें याच जातीचें. १९३० सालचा मालविक्रीचा कायदाही माल खरेदीदाराच्या, किंवा त्यानें अधिकार दिलेल्या माणसाच्या ताब्यांत जाण्याचीच गोष्ट बोलतो. ओसाड उंबरठा हा कोणाचाच हात नव्हे. चोरास वाव मिळतो तो एका हातानें सोडलें आणि दुसऱ्यानें घेतलें नाहीं, या मधल्या अवकाशांत.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांना हा उपद्रव अधिक परिचित असेल. तेथील उपनगरांत घरें सुटीं, पुढें उघडी ओसरी. पुडकें तींवर ठेवून गाडी पुढें जाते. तें उचलणाऱ्यांस तेथें ‘ओसरीवरचे चांचे’ अशा अर्थाचें नांवच पडलें आहे. २०१८ सालीं मार्क रोबर या, पूर्वीं नासा संस्थेंत काम केलेल्या यंत्रज्ञानें एक खोटें पुडकें तयार केलें. तें उघडतांच चोराच्या अंगावर चमकीचा वर्षाव होई आणि दुर्गंध सुटे. त्याचें चित्रण लक्षावधि लोकांनीं आवडीनें पाहिलें. पुढें असें उघडकीस आलें कीं, त्यांतील कांहीं चोर हे खरे चोर नसून एका साहाय्यकाच्या ओळखीचे लोक होते. रोबरनें तेवढा भाग काढून टाकला. चोराची फजिती पाहावयास गोड वाटते, पण फजितीनें उंबरठा राखला जात नाहीं.

चोरीहून मोठी हानि चोरीच्या संशयानें होते. आमच्याच इमारतींतील गोष्ट आहे. एका घरीं वृद्ध आजींच्या रक्तदाबाच्या औषधांचें पुडकें यावयाचें होतें. ‘पोंचलें’ असा संदेश आला. दारांत कांहीं नाहीं. सकाळीं जिन्यांत कोण होतें याची चौकशी झाली, आणि झाडणाऱ्या बाईकडे बोट गेलें. “मावशी, तुम्ही उचललें असेल तर सांगून टाका,” इतकेंच घरच्या सूनबाई बोलल्या. “वहिनी, अकरा वर्षें हा जिना झाडतें आहे मी,” असें म्हणून ती खालीं उतरली. तिसऱ्या दिवशीं मीटरच्या कपाटांत पुडकें सांपडलें. आणणाऱ्या मुलानें चोरीच्या भयानेंच तें तेथें ठेविलें होतें, आणि त्याचें छायाचित्रही मोबाईलवर पाठविलें होतें. तें कोणीं उघडून पाहिलें नव्हतें. बाईस दोनदां बोलावणें गेलें. ती आली नाहीं. औषधाचे सातशें रुपये बुडाले नाहींत. जें बुडालें त्याची तक्रार कोणत्या कचेरींत नोंदवावयाची?

उपाय साधे आहेत. पहिला, घरांत एक वही ठेवावी. एकत्र कुटुंबांत मुलगा एक वस्तु मागवितो, सून दुसरी, नातू तिसरी. कोणाचें काय यावयाचें आहे हें कोणासच ठाऊक नसतें. मागविणारानें वस्तु, किंमत आणि येण्याचा दिवस लिहावा. दुपारीं घरीं असणाऱ्या वडील मंडळींपैकीं एकानें आलेल्या वस्तूपुढें खूण करावी. दुसरा, ज्या दिवशीं घरीं कोणीच नसेल, त्या दिवशीं पुडकें कोणाच्या हातीं द्यावें हें शेजाऱ्यास विचारून आधींच ठरवावें व कळवावें. तिसरा, वस्तु मौल्यवान असेल तेव्हां ओ. टी. पी. घेऊनच देण्याची सोय निवडावी. तो अंक पुडकें डोळ्यांसमोर आल्यावरच सांगावा, फोनवर मागणाऱ्यास कदापि सांगूं नये. ठकांचा तोही एक धंदा आहे. चौथा, सोसायटीनें फाटकापाशीं कुलपाचें कपाट आणि नोंदवही ठेवावी. पहारेकऱ्यावर हें काम सोंपवावयाचें तर त्यास त्याचा वेगळा मोबदला द्यावा. कॅमेरा लावण्यास हरकत नाहीं, पण घडलें काय हें तो मागाहून सांगतो. तो हात आडवा घालीत नाहीं.

इतकें करूनही पुडकें गेलेंच, तर प्रथम संदेश आणि छायाचित्र नीट पाहावें. मग सर्वांस, “आमचें पुडकें आपल्याकडे ठेवलें आहे काय?” असें विचारावें. ‘ठेवलें’ आणि ‘उचललें’ या दोन क्रियापदांत फार अंतर आहे. त्याच दिवशीं कंपनीकडे लेखी तक्रार करावी. २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणें तेथील तक्रारनिवारण अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोंच द्यावयाची आणि एक महिन्याच्या आंत निवारण करावयाचें असतें. दाद न लागल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे.

चोरीविषयीं खात्री असेल तर पोलिसांकडे जावें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमान्वयें चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मात्र वस्तु ५,००० रुपयांहून कमी किंमतीची असेल, चोर प्रथमच दोषी ठरला असेल, आणि त्यानें वस्तु वा तिची किंमत परत केली असेल, तर त्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. ज्यांचें आयुष्य शाळेंत मुलांमध्यें गेलें, त्या आमच्यासारख्यांस ही तरतूद शहाणपणाची वाटते. पहिल्या चुकीनें मनुष्य संपत नाहीं.

शेवटीं पुडकें आणणाऱ्या मुलाविषयीं दोन शब्द. त्याची कमाई पुष्कळदां पुडक्यांच्या संख्येवर अवलंबून असते. चार जिने चढून आल्यावर बंद दारापुढें तो किती वेळ थांबणार? घंटा वाजतांच घरांतील वडील माणसानें उठावें, दार उघडावें, पुडकें हातांत घ्यावें आणि त्यास पाणी विचारावें. त्याच्यापाशीं वेळ थोडा असतो. आपल्यापाशीं तो पुष्कळ आहे.