जंगलातला पहिला दिवस वाटाड्याचा

सह्याद्रीतले किल्ले आणि घाटवाटा तुडवणाऱ्या मराठी ट्रेकरला केरळमधल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पातील ‘टायगर ट्रेल’चा पहिला दिवस खटकण्याची शक्यता आहे. थेक्कडीहून निघणाऱ्या या दोन-तीन दिवसांच्या भ्रमंतीत पाच-सहा पर्यटक असतात, त्यांच्यासोबत जवळजवळ तेवढेच स्थानिक वाटाडे आणि शिवाय एक बंदूकधारी वनरक्षक. निघताना जळवांपासून बचावासाठी गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे चढवायचे, बांबूच्या तराफ्यावरून तलाव ओलांडायचा आणि पलीकडे एका रांगेत चालू लागायचे. वाटाड्याने हात वर केला की जागच्या जागी थांबायचे, तो खुणेने सांगेपर्यंत बोलायचे नाही. तंबू ठोकलेल्या मुक्कामावर पोहोचले की अंधारात तिथून हलायचे नाही. थोड्या चालीसाठी एवढा लवाजमा आणि एवढी बंधने कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की हा दिवस अंतर कापण्यासाठी ठेवलेलाच नसतो. हत्तींच्या घरात कसे वावरायचे ते त्या दिवशी शिकायचे असते, आणि ज्यांच्याकडून शिकायचे त्यांची रोजीरोटी त्याच जंगलाच्या राखणीशी बांधलेली असते. ही दोन्ही सूत्रे लक्षात घेतली की बंधनांचा अर्थ उलगडतो.

आधी जंगलाकडे पाहू. 925 चौरस किलोमीटरच्या या प्रकल्पाच्या मधोमध 1895 मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाचा जलाशय पसरला आहे. तेव्हा बुडालेल्या झाडांचे काळे बुंधे आजही पाण्यातून वर आलेले दिसतात. बारमाही पाणी, काठावरचे गवत आणि मागे सदाहरित अरण्य यांमुळे हत्ती, गवे, सांबर इथे मोठ्या संख्येने आहेत. आपल्या डोंगरातले नेहमीचे धोके, म्हणजे निसरडा कडा, चुकलेली वाट, संपलेले पाणी, हे बहुतांशी एका जागी असतात. नकाशा आणि अनुभव यांच्या आधारे ते टाळता येतात. पेरियारमधला धोका चालता-फिरता आहे. दाट झाडीत हत्ती काही पावलांवर उभा असला तरी नवख्याला दिसत नाही. वाटाड्याला तो दिसण्याआधीच कळतो. लीद किती ओली आहे, तिच्यावर माश्या घोंगावत आहेत की ती वरून सुकली आहे, मोडलेल्या फांदीचा चीक ताजा आहे का, वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहतो आहे की उलट, यावरून तो वाट बदलतो किंवा रांग थांबवतो. रांगेत मोठ्याने गप्पा चालू असतील तर फांदी मोडल्याचा आवाज त्याच्या कानावर पडणार नाही. म्हणजे पर्यटकाची शांतता हे वाटाड्याचे साधन आहे, आणि ते त्याच्या हाती देण्याची सवय पहिल्या काही तासांतच लागावी लागते.

जळवांचेही तसेच. पावसाळी जंगलात पालापाचोळ्यातून त्या उबेच्या आणि हालचालीच्या रोखाने येतात. चावा फारसा दुखत नाही, पण त्यांच्या लाळेतील एक घटक रक्त गोठू देत नाही, म्हणून जळू सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहते. घाबरून ती ओरबाडण्याऐवजी मोजे नीट बांधणे आणि अधूनमधून पाय तपासणे पुरेसे असते. किळस आणि भीती ओसरली की नजर मोकळी होते. मग वरच्या फांदीवरचे शेकरू आणि डोक्यावरून पंखांचा मोठा आवाज करत जाणारा धनेश लक्षात येऊ लागतो.

आता वाटाड्यांकडे पाहू. या वाटेवर लोकांना नेण्याचे काम ज्यांनी सुरू केले, ते एके काळी याच जंगलातून रानदालचिनीची साल चोरून नेणारे होते. केरळात ‘वायना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सालीसाठी झाडेच्या झाडे सोलली जात. 1990 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने इथे परिसर-विकास योजना आली. तेव्हा वनखात्याने तुरुंगापेक्षा वेगळा मार्ग निवडला आणि त्यांच्याशी तडजोड केली. त्यांनी चोरवाटा आणि तस्करांची माहिती द्यायची, जंगलाची गस्त घालायची आणि पर्यटकांना नेऊन-आणून उत्पन्न मिळवायचे. 1998 च्या सुमारास ही भ्रमंती सुरू झाली.

कालच्या चोराच्या हाती जंगल कसे द्यायचे, ही शंका साहजिक आहे. पण नुसत्या विश्वासावर हा व्यवहार उभा नाही. जंगल टिकले तरच पर्यटक येणार आणि पर्यटक आले तरच घर चालणार, असा हितसंबंध त्यामागे आहे. सोबतीला वनखात्याची देखरेख आहेच. जंगलातली आडवाट आणि तस्कराची चाल या वाटाड्यांइतकी क्वचितच कुणाला ठाऊक असेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणसांच्या वावराने प्राण्यांना त्रास होतोच. होतो, हे मान्य करायला हवे. म्हणूनच गट लहान ठेवावा लागतो, आवाजावर बंधन येते आणि ठरलेल्या जागीच मुक्काम होतो. शिवाय चालणाऱ्या प्रत्येक गटासोबत जंगलावर गस्तीची नजरही फिरते. तिसरा आक्षेप पैशाचा. एवढी माणसे सोबत घेतल्यावर भ्रमंती महाग पडते आणि अनेकांना परवडत नाही, हे खरे. पण ती स्वस्त करून गट वाढवले तर ज्यासाठी जायचे तेच उरणार नाही. विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या वेगळ्या सहली काढणे हा त्यावर अधिक शहाणा उपाय आहे.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. बामणोलीहून वनखात्याची परवानगी काढून, बोटीने शिवसागर ओलांडून वासोट्याला जाणारे आणि दिवसाउजेडी परतणारे ट्रेकर ती शिस्त पाळतातच. मोकळ्या डोंगरावर स्वातंत्र्य हा ट्रेकिंगचा प्राण आहे आणि तो तसाच राहावा. वन्यजीवांसाठी राखलेल्या जंगलात मात्र तिथल्या गावकऱ्याला पुढे चालू द्यावे, त्याच्या ज्ञानाचा योग्य मोबदला द्यावा आणि पहिला दिवस निमूटपणे शिकण्यात घालवावा. पुनर्वसन आणि निर्बंध यांचा भार ज्या गावांनी सोसला, त्यांना जंगल राखण्याचे कारण द्यायचे असेल तर सुरुवात करायला ही चांगली जागा आहे.