फिरते घर धुताना

२०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशी फिरती घरे नवेगावबांधला येतील, तेव्हा ती धुवायची कशी?

गाडी सावलीत घ्या. खिडक्या, छताची झडप लावा. आधी साध्या पाण्याने चिखल उतरवा; नाहीतर मातीचे कण रंगावर ओरखडे काढतात. मग फेस खालून वर मारा, पाचेक मिनिटे मुरू द्या. पण वाळू देऊ नका. धुवा मात्र वरून खाली. प्रेशरची धार रबरी सांध्यांवर, हवेच्या जाळीवर रोखू नका. पाणी आत शिरते. निसरड्या छतावर चढू नका, लांब दांड्याचा ब्रश घ्या.

आणि माझी एक विनंती : हे काम तलावाकाठी नको, सर्व्हिसिंग सेंटरवरच करा. साबण आणि तेल पाण्यात उतरते, आणि आपल्या गोंदियाचे सारस याच तलावांवर, धानाच्या बांध्यांत चरतात.