संगणकावरचा ग्रह

चित्रपटात एखादा कधी न पाहिलेला ग्रह आपल्यासमोर येतो. त्यावर डोंगर असतात, दऱ्या असतात, किनारे असतात. जवळ जावे तसतसे नवे खडक दिसू लागतात. इतके बारकावे कोणी बसून काढले? खरे सांगायचे, तर पुष्कळ वेळा कोणीच नाही. ते एका साध्या नियमातून निघतात, आणि तो नियम आपल्या पाटीवरही करून पाहता येतो.

पाटीवर एक आडवी रेघ ओढा. तिचा मध्य काढा. आता नाणे उडवा. छापा आला तर मध्यबिंदू चार बोटे वर घ्या, काटा आला तर चार बोटे खाली. आणि तो दोन्ही टोकांना जोडा. एका रेघेच्या दोन झाल्या. त्या दोन्हींचे मध्य काढून पुन्हा नाणे उडवा. पण या खेपेस सरकायचे ते दोनच बोटे. पुढच्या खेपेस एकच. चार-पाच खेपांत डोंगराची कड उभी राहते, बघा!

संगणक हेच करतो. फक्त रेघेऐवजी त्रिकोण घेतो. तिन्ही बाजूंचे मध्य वरखाली करून जोडले, की एकाचे चार त्रिकोण होतात. दहा खेपांत ते १०,४८,५७६ होतात.

ही युक्ती साधते कशी? डोंगराचा एखादा धोंडा जवळून पाहा. त्यालाही सुळके आहेत, घळी आहेत. मोठ्याचीच घडण लहानात उतरलेली असते. बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९७५ साली अशा आकृतींना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. लॉरेन कार्पेंटर याने १९८० साली अशाच डोंगरांवरून उडत जाण्याचा छोटा चित्रपट दाखवला, आणि १९८२ साली ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या चित्रपटात याच रीतीचे डोंगर एका नव्या ग्रहावर उभे राहिले.

आता तुम्ही विचाराल, संगणकापाशी नाणे कुठले? त्याला एक आकडा देतात. त्याला ‘बीज’च म्हणतात. त्या बीजातून आकड्यांची माळ निघते. बीज तेच, तर डोंगरही तोच. म्हणून सारा ग्रह साठवून ठेवावा लागत नाही; लागेल तेव्हा पुन्हा उगवता येतो.

पण या डोंगरांत एक उणीव राहते. त्यांच्यावर पाऊस पडलेला नसतो! खऱ्या डोंगराला ओढे कापतात, गाळ खाली साचून सपाटी होते. म्हणून पुढे पाण्याची झीजही हिशेबात घेऊ लागले. १९८९ साली केंटन मस्ग्रेव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तशी रीत मांडली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, येथेच आपले काम सुरू होते. चित्र जितके खरे वाटते, तितका भुलण्याचा धोका मोठा. मॅगेलन यानाने १९९० नंतर रडारने शुक्राची मोजणी केली. त्यावरून संगणकाने काढलेल्या काही चित्रांत डोंगरांची उंची २२.५ पट वाढवली होती. तसे चित्राखाली लिहिलेही होते. पण चित्र सर्वांनी पाहिले, खालची ओळ थोड्यांनीच वाचली. तेव्हा असे चित्र वर्गात दाखवाल, तेव्हा मुलांना आधी एवढेच विचारा: यातले मोजलेले किती, आणि नाणे उडवून आलेले किती?