रुग्ण म्हणजे प्रयोगाचा प्राणी नव्हे

सरकारी इस्पितळात खाटेवर पडलेल्या आपल्या माणसापुढे एक छापील कागद येतो. "इथे सही करा," असे कोणीतरी सांगते. सही येत नसेल तर अंगठा घेतला जातो. कागदात काय लिहिले आहे हे विचारण्याचा धीर आपल्यापैकी किती जणांना होतो? डॉक्टर शिकलेले, आपण गरीब. जास्त विचारले तर उपचार बंद होतील ही धास्ती. कधी कधी तो कागद नव्या औषधाच्या चाचणीचा असतो. म्हणून आज आम्हाला या विषयावर वाचक बंधु-भगिनींशी बोलायचे आहे.

चाचणी ही वाईट गोष्ट नाही, हे प्रथमच सांगतो. आपण घेतो ते प्रत्येक भरवशाचे औषध कोणत्या तरी माणसांवर तपासूनच आपल्यापर्यंत आले आहे. प्रश्न एवढाच की, चाचणी कशाची करायची हे कोण ठरवतो आणि शरीर कोणाचे वापरले जाते?

याचे सर्वात काळे उदाहरण अमेरिकेतले आहे. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे 1932 साली तेथील सरकारी आरोग्य खात्याने 600 गरीब काळ्या पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांपैकी 399 जणांना गरमीचा रोग होता. त्यांना खरा आजार सांगितलाच नाही. "तुमचे रक्त खराब आहे," एवढेच सांगितले. पुढे पेनिसिलीन हे गुणकारी औषध मिळू लागले, तरीही ते त्यांना दिले नाही. रोग वाढतो कसा, हे फक्त पाहत राहिले. 1972 साली वृत्तपत्रांनी वाचा फोडली तेव्हा हा अभ्यास थांबला. त्याच 1972 साली काळ्या पँथरांपासून प्रेरणा घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागायला 1997 साल उजाडले.

त्याच अमेरिकेत पुढे एक वेगळी वाट निघाली. 2010 च्या आरोग्य कायद्याने पिकोरी नावाची संस्था स्थापन झाली. तिच्या निधीत सरकारचा पैसा येतो आणि विमाधारकांमागे आकारलेले थोडे शुल्कही येते. पैसा देताना ती संशोधकांना विचारते की, या कामात रुग्णांचा सहभाग कोठे आहे? रुग्ण फक्त तपासून घेण्यापुरता नको, प्रश्न ठरवण्यातही हवा.

या पैशातून अ‍ॅस्पिरिनच्या गोळीवर एक मोठी चाचणी झाली. हृदयविकार असलेल्यांनी रोज 81 मिलिग्रॅमची गोळी घ्यावी की 325 ची, हा साधा प्रश्न होता. स्वस्त गोळीत नफा नाही, मग कोणती कंपनी यावर पैसा खर्च करील? तेथे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक संशोधकांच्या बरोबरीने बसले. आखणीत आणि संमतीपत्राची भाषा सोपी करण्यात त्यांनी भाग घेतला. 15,076 रुग्ण सामील झाले. 2021 साली निष्कर्ष आला की, दोन्ही मात्रांच्या परिणामांत लक्षणीय फरक नाही. मात्र मोठी मात्रा दिलेल्यांपैकी सुमारे 42 टक्के लोकांनी मध्येच मात्रा बदलली. लहान मात्रेच्या गटात असे 7 टक्केच होते. (वाचकांनी यावरून स्वतःच गोळी सुरू किंवा बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.) पण तेथेही स्त्रिया एक तृतीयांशाहून कमी आणि काळे रुग्ण दहा टक्क्यांहून कमी होते. दार उघडले म्हणून सर्वच आत पोहोचतात असे नाही.

आता आपल्या घरातले पाहू. सिकलसेलचा आजार विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांना नवा नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 सालीच त्याची नोंद केली होती. 299 प्रौढ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष 1995 साली आला. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनेचे झटके 44 टक्क्यांनी कमी झाले होते. झटका आलेल्या लेकराला रात्रभर मांडीवर घेऊन बसणाऱ्या आईला विचारा. ती रक्तातील आकड्यांविषयी बोलणार नाही. ती बुडालेली शाळा, बुडालेली मजुरी, तालुक्याचे एस.टी. भाडे आणि मुलीच्या लग्नाची चिंता सांगेल. चाचणीने हे मोजले पाहिजे, असे म्हणायला ती आई बैठकीत हवी.

आपल्या देशात 2019 सालापासून नवे औषध व चाचणी नियम लागू आहेत. समजेल अशा भाषेत माहिती मिळणे, निरक्षर असल्यास त्रयस्थ साक्षीदार असणे, चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येणे, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळणे, हे आपले हक्क आहेत. नीतिसमितीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. हे नियम रक्षण करतात, हे खरे. पण रक्षण वेगळे आणि भागीदारी वेगळी. चाचणीला सरकारी पैसा लागतो तेव्हा त्यावर रुग्णाच्या भागीदारीची अट घाला, ही मागणी आपल्या संघटनांनी केली पाहिजे.

1930 साली बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदेत बसले ते याचसाठी की, आमच्याविषयीचा निर्णय आमच्या तोंडून झाला पाहिजे. भगवंतांनीही कालामांना सांगितले की, कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर ही गोष्ट बोला. घरातील शिकलेल्या मुलामुलींना सांगा की, कागद आधी वाचून दाखव, मग अंगठा.

जयभीम!