कमी ऐकूं येऊं लागल्यावर संगीत

साठी उलटलेल्या गृहस्थाचे कान मंदावूं लागले कीं त्याची पहिली चाहूल बहुधा त्याला स्वतःला लागत नाहीं. ती घरांतल्या मंडळींस लागते. रेडिओ फार मोठ्यानें लावतां, अशी तक्रार प्रथम येते. पुढें एखाद्या संध्याकाळीं आवडतें गाणें लावलें असतां तंबोरा पूर्वीसारखा झंकारत नाहीं, गाण्यांतले शब्द पुसट वाटतात, आणि गृहस्थ मनाशीं ठरवून टाकतात कीं, आतां आपलें गाणें संपलें. ध्वनिमुद्रिकांचें कपाट बंद होतें. हा निर्णय बहुतेक वेळां घाईचा असतो.

कानाच्या अगदीं आंतल्या भागांत गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी आहे. तींत सुमारें १५,००० सूक्ष्म रोमपेशी असतात. शंखाच्या तोंडाशीं असलेल्या पेशी अति उंच स्वर टिपतात, शेंड्याकडील पेशी खर्जांतले. तरुण व निरोगी कानास दर सेकंदास २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचे ध्वनि ऐकूं येतात तें या वांटणीमुळेंच. वार्धक्य आणि गोंगाट यांचा आघात प्रथम होतो तो शंखाच्या तोंडाशीं असलेल्या पेशींवर. आणि माणसाच्या कानांत एकदां मेलेली रोमपेशी पुन्हां उगवत नाहीं.

संगीतापुरता याचा अर्थ काय? गवयाचा मूळ स्वर, मग तो मंद्र पंचम असो कीं तार षड्ज, बहुधा १,००० कंपनांच्या आंतच असतो. म्हणजे राग, त्याची चाल, आलापाची चढ-उतार हें सारें पुष्कळ काळ शाबूत राहतें. नाहींसें होतें तें स्वराभोंवतीचें तेज. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोरा सारून जवारी लावतात ती उंच उपस्वर फुलविण्यासाठींच. नेमके तेच आधीं हरपतात. डग्ग्याची घुमक ऐकूं येते, पण तबल्याच्या चाटेवरचा 'ना' बोथटतो. स, श, थ, फ हीं अक्षरें विरतात, म्हणून स्वर कळतो आणि शब्द कळत नाहीं.

यावर आवाज चढविणें हा उपाय सर्वांस सुचतो, आणि तोच फसवा आहे. रोमपेशींतल्या बऱ्याचशा पेशींचें काम हळू ध्वनि उचलून धरण्याचें असतें. त्या गेल्या कीं हळू ऐकूं येत नाहीं, आणि थोडें वाढविलें कीं एकदम कर्कश होतें. ऐकूं येण्याची पायरी व असह्य होण्याची पायरी यांमधलें अंतर आकसतें. 'मोठ्यानें बोला' म्हणणारे आजोबा क्षणांत 'ओरडूं नका' म्हणतात, तो स्वभावाचा दोष नव्हे.

अशा प्रसंगीं बेथोवेनचें उदाहरण नेहमीं दिलें जातें. पण तो रचनाकार होता. त्याचें संगीत त्याच्या मस्तकांत होतें. सामान्य श्रोत्यास जवळचा आहे तो थॉमस एडिसन. १८७७ सालीं ज्यानें फोनोग्राफ शोधून काढला तो गृहस्थ लहानपणापासून कमी ऐकत असे! यंत्राच्या किंवा पियानोच्या लाकडांत दांत रोवून तो नाद घेई. कवटीच्या हाडांतून तो थेट आंतल्या कानांत पोंचे. आपल्या कंपनीसाठीं गायक निवडण्याचा हट्टही त्यानें सोडला नव्हता; ती निवड सर्वांस रुचे असें मात्र नाहीं. हाडांतून ऐकविणारे हेडफोन आज बाजारांत मिळतात. बिघाड बाहेरच्या वा मधल्या कानांत असेल तर त्यांचा उपयोग होतो. रोमपेशीच गेल्या असतील तर या वाटेनेंही त्याच बंद दारापाशीं जावें लागतें.

श्रवणयंत्राविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. हें यंत्र मुख्यतः बोलणें ऐकण्यासाठीं घडविलेलें असतें. साधें संभाषण ६० ते ६५ डेसिबलांचें; संगीत त्याहून पुष्कळ वर चढतें, आणि मग यंत्रांत शिरतांनाच तें फाटतें. शिवाय अखंड चालणारा नाद म्हणजे गोंगाट, अशी यंत्राची समजूत असल्यामुळें तें तंबोरा दाबूं पाहतें. बांसरीचा लांबविलेला स्वर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि तो तें छाटतें किंवा थरथरवितें. म्हणून संगीतासाठीं निराळी योजना, जींत हे दोन्ही पहारे सैल केलेले असतील, ती श्रवणतज्ज्ञाकडून मागून घ्यावी. घरीं ऐकतांना रेडिओचा आवाज कमी व यंत्राचा थोडा अधिक ठेवावा. मैफलींत ध्वनि फाटूं लागल्यास यंत्राच्या मायक्रोफोनवर चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावतात. युक्ति गांवठी दिसते, पण तज्ज्ञही ती सुचवितात.

यंत्राशिवाय ऐकणाऱ्यानें खोलींतला पंखा बंद करून ध्वनिक्षेपकाजवळ बसावें आणि उंच स्वरांचें बटण बेतानें चढवावें. जेथें पेशी पार गेल्या आहेत तेथें तें कितीही चढविलें तरी नुसती खरखर पदरीं येते. एक कान अधिक मंद असेल तर मोबाइलमधील 'मोनो'ची सोय वापरावी, म्हणजे त्या बाजूस मुद्रित केलेलें वाद्य हरवत नाहीं. कांहीं मोबाइल ऑडिओग्रामप्रमाणें स्वर उचलूनही देतात. आरंभीं ओळखीचीं गाणीं ऐकावीं. कानांनीं सोडलेलें स्मृति भरून काढते.

उरलेलें जपणेंही आलेंच. जागतिक आरोग्य संघटनेनें ८० डेसिबलांची मर्यादा आठवड्यास ४० तास धरली आहे. दर ३ डेसिबलांमागें ती निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५.

तपासणी मात्र आधीं. कित्येकदां कानांतला मळच सारा घोटाळा करतो. एक कान दिवसा-दोन दिवसांत अचानक गेला, तर एक दिवसही न दवडतां डॉक्टरांकडे जावें. मुंबईस वांद्रे येथें अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था १९८३ सालापासून हें काम करीत आहे. श्रवणयंत्र बसवून घ्यावयास जातांना आपलें आवडतें गाणें बरोबर न्यावें आणि तज्ज्ञापुढें तेंच लावून यंत्र जुळवून घ्यावें. पहिल्या दिवशीं पेटी पत्र्यासारखी वाजली तर दोन-चार आठवडे थांबून पुन्हां जावें.