डब्यावरून सुरू होणारी थट्टा

"तुमच्याकडे कांदा-बटाटासुद्धा चालत नाही?" हा प्रश्न मधल्या सुट्टीत डबा उघडताना जैन मुलांना कधी ना कधी ऐकावा लागतोच. कुतूहलाने विचारला तर त्यात वावगे काही नाही. परंतु तोच प्रश्न रोज, दहाजणांच्या देखत, हसून विचारला जाऊ लागला, डबा लपवला जाऊ लागला, त्यात मुद्दाम नको ते टाकले जाऊ लागले, की त्यास थट्टा म्हणणे ही डोळेझाक होय. मूल घरी काही सांगत नाही. डबा न खाता परत येतो, सोमवारी सकाळी पोट दुखते. पाथर्डी, श्रीरामपूर किंवा नगरच्या कापड बाजारातील घरांतून याची संभावना 'अभ्यासाचा कंटाळा' अशी होते.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा. तो केवळ महाविद्यालयांसाठी आहे, असा सर्वत्र समज आहे. वस्तुतः शिक्षण देणाऱ्या अन्य संस्था आणि वसतिगृहेही त्यात येतात. चिडवणे, शिवीगाळ, धमकावणे यांचाही त्यात समावेश आहे. लेखी तक्रार आल्यास संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते. त्याने टाळाटाळ केली तर तो अपराधास साहाय्य करणारा ठरतो. म्हणून तक्रार तोंडी न ठेवता तारीख, स्थळ, प्रसंग लिहून द्यावी व पोच घ्यावी. रोजमेळ त्याच दिवशी लिहिण्याची सवय असलेल्या घरांना हे अवघड नाही.

अर्थात नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या भांडणाला पोलीस हे उत्तर नव्हे. नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्या, तेव्हा डॅन ऑल्वेअस या मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली शाळांसाठी कार्यक्रम उभा राहिला. पुढे फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने आपल्या कार्यक्रमात बघ्यांवर भर दिला. त्रास देणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. वर्ग हसला नाही तर त्याचा उत्साह मावळतो. पीडित मुलाशेजारी डबा घेऊन बसणारे दोन सवंगडी शिक्षकांनी शोधून दिले, तर त्याचा उपयोग प्रार्थनेच्या वेळच्या उपदेशाहून अधिक होतो.

आपल्या शाळांत बहुधा दोघांना समोरासमोर उभे करून 'सॉरी' म्हणवले जाते. जैन कुटुंबांना यातील उणीव चटकन उमगावी. संवत्सरीला 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणण्याआधी प्रतिक्रमण असते, आपल्या दोषांची आलोचना असते. दोषाची कबुली नसताना पीडिताकडून क्षमा वसूल करणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. दोघांशी आधी स्वतंत्रपणे बोलावे आणि पुढील काही आठवडे लक्ष ठेवावे. चिन्हे तरीही टिकून राहिली तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. घरी बोलता येत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी आहे. तो मुलाला पाठ असावा.

आणखी एक गोष्ट, थोडी बोचणारी. नेहमी आपलेच मूल सोसणारे असते असे नाही. आडत दुकानाच्या मालकाचा मुलगा आणि त्याच दुकानावरील हमालाचा मुलगा एका बाकावर बसतात, तेव्हा कपड्यांवरून, बोलीवरून चिडवणारा कोण असतो? त्या हमालाला लेखी तक्रार देण्यापूर्वी उद्याच्या कामाचा विचार करावा लागतो. तेव्हा शाळेच्या तक्रारपेटीत निनावी चिठ्ठी आली, तरी मुख्याध्यापकांनी तिची चौकशी करावी; आणि शाळेतून बोलावणे आले, तर शेठजींनी देणगीची पावती घरी ठेवून जावे.